रुग्णालय सुधारायचे, तर कोणाचे ऐकायचे?

महाल हा नागपूरचा जुना भाग. भोसल्यांच्या राजवाड्याभोवती वसलेल्या या वस्तीत गल्ल्या अरुंद, वाडे जुने आणि वर्दळ अखंड. आजाऱ्याला येथून फार लांब जावे लागत नाही. महापालिकेचे रोगनिदान केंद्र महालातच आहे आणि मातृसेवा संघाचे प्रसूतिगृहही महालातच आहे. गांधीबागेकडे वळले की डागा स्मृती स्त्री रुग्णालय लागते, आणि रेल्वे स्थानकाच्या बाजूला गेले की मेयो रुग्णालय. सकाळी नऊच्या सुमारास यांपैकी कोणत्याही दारात उभे राहिले, तर देशातील बहुतेक रुग्णालयांत दिसते तेच दृश्य दिसते. केसपेपरसाठी रांग लागलेली असते, कडेवर मूल घेतलेल्या बाया उभ्या असतात, आणि या गर्दीतून वाट काढीत एखादी परिचारिका झपझप चाललेली असते.

त्या परिचारिकेला हे काम अधिक सोपे कसे होईल याविषयी काही सुचत असेल काय, आणि सुचलेच तर ते सांगण्याची काही सोय तिला आहे काय? हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. तथापि ज्या संस्थेचे नाव महालातल्या घराघरांत परिचित आहे, तिचा जन्मच अशा एका सुचण्यातून झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रश्नाचे मोल कळते. १९२१ साली कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोन प्रशिक्षित परिचारिकांनी मातृसेवा संघाची स्थापना केली. कमलाताई बालविधवा होत्या. नागपूरच्या डफरिन रुग्णालयात त्यांनी परिचर्येचे आणि सुईणपणाचे शिक्षण घेतले होते. विधवेने घराबाहेर पडून परिचारिका व्हावे हेच ज्या समाजाला रुचत नव्हते, त्या समाजात या दोघींनी मोजक्या खाटांनिशी प्रसूतिगृह उघडले. बाळंतपण अंधाऱ्या खोलीत, अस्वच्छ हातांनी होऊ नये. ते शिकलेल्या हातांनी, उजेडात आणि आपुलकीच्या वातावरणात व्हावे, ही त्यांची कल्पना होती. पुढे या कार्याबद्दल कमलाताईंना १९६१ साली पद्मश्री आणि १९८० साली जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. मात्र १९२१ साली त्यांच्या हाती पद नव्हते, पैसा नव्हता आणि निर्णयाचा अधिकारही नव्हता. बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभे राहून मिळवलेले ज्ञान तेवढे त्यांच्यापाशी होते.

निघून जाणे आणि बोलणे

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. एखाद्या संस्थेचा कारभार बिघडू लागला की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे तिथून निघून जाणे, आणि दुसरा म्हणजे तिथेच राहून बोलणे. बाजारात पहिला मार्ग सोपा असतो. एका दुकानातला माल पटला नाही तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते आणि पहिला दुकानदार त्यातून बोध घेतो. रुग्णालयाचे तसे नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे तो खासगी इस्पितळात निघून जातो. ज्याच्यापाशी नाही तो रांगेत उभा राहतो. अशा रीतीने ज्याच्या बोलण्याला वजन असते तो बोलण्याऐवजी निघून जातो, आणि ज्याला जाता येत नाही त्याच्या बोलण्याला वजन नसते.

कर्मचाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडते. हुशार परिचारिका दुसऱ्या शहरात वा परदेशात जाते. धडपड्या तरुण डॉक्टर स्वतःचा दवाखाना थाटतो. कमलाताई आणि वेणूताई यांनीही एका अर्थाने बाहेर पडण्याचाच मार्ग पत्करला, आणि नागपूरचे भाग्य असे की त्यातून एक संस्था उभी राहिली. परंतु सुचलेली प्रत्येक सुधारणा अमलात आणण्यासाठी प्रत्येक वेळी नवी संस्था काढावी लागणे, हे कोणत्याही समाजाला परवडणारे नाही. जी माणसे आत राहून काम करतात त्यांच्या बोलण्याला वाट करून देणे, हाच शहाणपणाचा आणि स्वस्ताईचा मार्ग होय.

कल्पना म्हणजे यंत्र नव्हे

‘नवकल्पना’ हा शब्द उच्चारला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नवे यंत्र, नवी इमारत किंवा नवे ॲप येते. रुग्णालयाला ज्या कल्पनांची निकड असते त्या बहुधा याहून फार लहान असतात. औषधांची ट्रॉली कोणत्या क्रमाने लावावी, पाळी बदलताना कोणती माहिती तोंडी आणि कोणती लेखी द्यावी, तपासणीचे अहवाल कोणत्या वेळी वॉर्डात यावेत, असे हे प्रश्न असतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली जे केले ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मोठ्या रक्तवाहिनीत नळी घालताना रुग्णाला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय करावे, हे सर्व डॉक्टरांना ठाऊक होते. हात धुणे, जंतुनाशकाने त्वचा पुसणे, रुग्णाचे अंग निर्जंतुक चादरीने झाकणे यांसारख्या पाच गोष्टींची त्यांनी यादी केली. यादीत नवे असे काहीच नव्हते. पण लागणारे साहित्य वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेले असे आणि घाईत एखादी पायरी गाळली जाई. म्हणून सारे साहित्य एकाच ट्रॉलीवर आणले गेले आणि पायरी गाळणाऱ्या डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. पुढे मिशिगन राज्यातील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत ही पद्धत अवलंबिली गेली. अठरा महिन्यांत अशा संसर्गाचे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. यात खर्च जवळजवळ काहीच नव्हता. बदलली होती ती साहित्याची जागा आणि बोलण्याचा अधिकार. यांतली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड, हे सांगायला नको.

रांगेचा प्रश्नही असाच आहे. केसपेपरच्या खिडकीवर एका रुग्णामागे सरासरी एक मिनिट लागते असे समजू. म्हणजे ती खिडकी तासाला साठ जणांचे काम करू शकते. तासाला तीस जण येत असतील तर रांगेत सरासरी एकही माणूस उभा दिसणार नाही. चोपन्न येऊ लागले की सरासरी आठ जण उभे राहतील. सत्तावन्न आले, म्हणजे केवळ तीन माणसे वाढली, की ही संख्या अठरावर जाते. हे रांगेच्या गणिताचे साधे उत्तर आहे. काम क्षमतेच्या जवळ पोहोचले की थोड्याशा वाढीनेही गर्दी कितीतरी पटींनी फुगते. याचा व्यवहारातला अर्थ मात्र आशादायक आहे. सकाळच्या त्या एका तासातले पाच-सहा जण दुसऱ्या वेळेकडे वळवता आले, उदाहरणार्थ जखमेची पट्टी बदलायला येणाऱ्या जुन्या रुग्णांना अकरानंतरची वेळ दिली, तर रांग निम्म्याहून कमी होऊ शकते. कोणते रुग्ण असे वळवता येतील हे अधीक्षकांच्या कक्षात बसून कळत नाही. खिडकीमागच्या कारकुनाला आणि पट्टी बांधणाऱ्या सिस्टरला ते पाठ असते.

बरोबर असणे पुरेसे नसते

कल्पना योग्य असली म्हणजे ती आपोआप स्वीकारली जाते, हा भ्रम इतिहासाने कधीच दूर केला आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने प्रसूतिविभागात येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. हे विद्यार्थी शवविच्छेदन आटोपून थेट बाळंतिणींकडे येत. त्या विभागात १८४६ साली शंभरातील अकराहून अधिक माता दगावल्या होत्या. १८४८ साली हे प्रमाण सव्वा टक्क्यावर आले. विशेष म्हणजे रुग्णालयाच्या ज्या दुसऱ्या विभागात सुईणी काम करीत तेथे मृत्यू कमी होतात, हे व्हिएन्नाच्या गरीब बायकांना आधीपासून ठाऊक होते. पहिल्या विभागात पाठवू नका म्हणून त्या गयावया करीत. ज्ञान होते, पण ते ज्यांच्यापाशी होते त्यांना कोणी विचारीत नव्हते.

एवढा पुरावा हाती असूनही सेमेलवाइसला वरिष्ठांची मान्यता मिळाली नाही. त्याने आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडायला बारा-तेरा वर्षे लावली, आणि विरोधकांवर अतिशय जहरी शब्दांत टीका केली. १८६५ साली मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांचे मृत्यू मांडले. जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक मेले, हे तिने १८५८ साली रंगीत आकृती काढून दाखवले. आकडेवारीचा जाणकार विल्यम फार याला तिने सोबत घेतले होते, आणि मंत्र्याला एका दृष्टिक्षेपात कळेल अशी तिची मांडणी होती. दोघांपाशीही सत्य होते. पण ज्याला ते पटवायचे त्याच्या जागी उभे राहून विचार करण्याची हातोटी नाइटिंगेलपाशी होती.

विदर्भातले उदाहरण तर अधिक बोलके आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची काळजी घरच्या घरी घेण्याची पद्धत विकसित केली आणि गावातल्याच स्त्रियांना त्यासाठी तयार केले. हा प्रयोग ३९ गावांत झाला आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांची नोंद ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तरीही आशा कार्यकर्तींमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू व्हायला २०११ साल उजाडले. जगन्मान्य नियतकालिकात सिद्ध झालेल्या कल्पनेला बारा वर्षे लागत असतील, तर महालातल्या एखाद्या सिस्टरच्या तोंडी सूचनेचे काय होत असेल याची कल्पना करता येते.

सूचना मरते कशी?

तिचे काय होते, याचे उत्तर माणसांच्या वाईटपणात शोधण्याचे कारण नाही. ते खर्च आणि लाभ यांच्या वाटणीत सापडते. सुधारणेचा लाभ रुग्णाला होतो, तोही थोडाथोडा आणि पुष्कळांना वाटून. खर्च आणि धोका मात्र एका माणसाच्या पदरी पडतो. सूचना करणाऱ्या परिचारिकेला ‘हिला काम नको’ असे ऐकावे लागते. मंजुरी देणाऱ्या अधीक्षकाला लेखापरीक्षणाची धास्ती असते. जुन्या पद्धतीने काही बिघडले तर त्याला कोणी विचारीत नाही, नव्या पद्धतीने बिघडले तर जबाब द्यावा लागतो. त्यात बदल्यांचा फेरा असतो. ज्या अधिकाऱ्याला पटवले तो सहा महिन्यांनी जातो आणि नव्यापुढे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. मग ‘पुढच्या वेळी इंडेंट टाका’ हे वाक्य सर्वांनाच सोयीचे ठरते, आणि सूचनापेटीचे कुलूप गंजते.

या गप्प राहण्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. तेथील सतरा बालकांपैकी दहा दगावली, सात वाचली. त्यानंतर चौकशी झाली आणि अग्निसुरक्षेच्या तपासण्यांचे आदेश निघाले. आपल्याकडे विचारपूस होते ती अशी, घटनेनंतर. घटनेपूर्वी वॉर्डातल्या माणसाला काही खटकले असेल तर ते नोंदवायचे कोठे, नोंदवलेच तर उत्तर कोणी आणि किती दिवसांत द्यायचे, याची व्यवस्था राज्यातील प्रत्येक रुग्णालयाने स्वतःला विचारून पाहावी.

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ९ ऑगस्ट २०२४ रोजी कर्तव्यावर असलेल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या करण्यात आली. त्यानंतर रुग्णालयांतील कामाच्या जागा सुरक्षित कशा कराव्यात हे सुचवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टला राष्ट्रीय कृतिदल नेमले. त्यात नामवंत ज्येष्ठ डॉक्टर आणि पदसिद्ध अधिकारी होते. रात्रपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरांचेही म्हणणे ऐकले जाईल, असा दिलासा न्यायालयाला दोन दिवसांनी द्यावा लागला. हेतू शुद्ध असतानाही खालच्या पायरीवरचा माणूस प्रथम आठवत नाही, हे यातून दिसते.

एका कागदाची शिस्त

म्हणून दोन्ही बाजूंनी थोडी शिस्त हवी. सूचना करणाऱ्याने प्रथम मोजावे. एका वॉर्डात प्रत्येक पाळीत तीन परिचारिका आहेत आणि प्रत्येकीची दहा मिनिटे साहित्य शोधण्यात जातात असे धरले, तर तीन पाळ्यांत दिवसाला नव्वद मिनिटे जातात. महिन्याचे ४५ तास होतात, म्हणजे आठ तासांच्या साडेपाचहून अधिक पाळ्या. ‘वस्तू सापडत नाहीत’ ही झाली तक्रार. ‘महिन्याला साडेपाच पाळ्या शोधण्यात जातात’ हा झाला प्रस्ताव. आठवडाभर वहीत खुणा केल्या तर हा आकडा कोणालाही काढता येतो. मग एका कागदावर लिहावे: काय अडते, किती वेळा अडते, काय बदलायचे, किती खर्च येईल, या बदलाने कोणाचे काम वाढेल, आणि अपेक्षित फरक पडला नाही तर प्रयोग केव्हा थांबवायचा. यांतील शेवटचे दोन मुद्दे बहुधा विसरले जातात, आणि प्रस्ताव बहुधा तेथेच अडकतो. ज्या मावशींचे वा कक्षसेवकाचे काम वाढणार आहे त्यांना आधी विचारलेले असेल, आणि प्रयोग एकाच वॉर्डात महिनाभरापुरता असेल, तर अधीक्षकाला होकार देणे सोपे जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया कार्यालयाने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या साह्याने तयार केलेली गुणवत्ता सुधारण्याची पद्धत हेच सांगते. एक अडचण निवडा, तिचे मोजमाप करा, लहान प्रमाणात बदल करून पाहा, आणि जमले तर कायम करा. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ‘कायाकल्प’ योजनेने स्वच्छतेसाठी पुरस्कार ठेवले. २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने प्रसूतिकक्षांच्या दर्जाकडे लक्ष वेधले. म्हणजे साधनांचा अगदीच तुटवडा आहे असे नाही. उणीव आहे ती वरून येणाऱ्या तपासणीइतकेच खालून येणाऱ्या सूचनेला महत्त्व देण्याच्या सवयीची.

व्यवस्थापनाने काय करावे, हेही मग स्पष्ट होते. लेखी सूचनेला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे आणि नकार असेल तर कारण नमूद असावे. लहान प्रयोगांसाठी थोडी रक्कम वेगळी राखावी. सार्वजनिक रुग्णालयांत रुग्ण कल्याण समित्यांचा उपयोग यासाठी व्हावा, आणि धर्मादाय संस्थांत विश्वस्तांनी ती तरतूद करावी. सुरू असलेला प्रयोग अधिकाऱ्याच्या बदलीने बंद पडू नये. आणि यश आले तर ज्याला प्रथम सुचले त्याचे नाव, मग ती मावशी का असेना, नोंदवहीत आणि समारंभात प्रथम घेतले जावे. श्रेय वाटून संपत नाही. उलट त्याने पुढच्या सूचनेचे भांडवल तयार होते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘आधी रिकामी पदे भरा, औषधे द्या, मग कल्पना मागा,’ असे कर्मचारी म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त आहे. रांगेचे गणितही तेच सांगते. तासाला साठ जणांचे काम करणाऱ्या खिडकीवर सत्तर जण येऊ लागले, तर कोणतीही युक्ती चालत नाही. रांग वाढतच जाते आणि दुसरी खिडकी उघडावीच लागते. कल्पकतेच्या नावाखाली कमी माणसांकडून अधिक काम काढणे ही सुधारणा नव्हे. मात्र दुसरी खिडकी हवी हे सिद्ध करण्यासाठीही कोणीतरी रांग मोजलेली असावी लागते. ज्या वॉर्डाने आपली वाया जाणारी मिनिटे मोजली आणि वाचवली, त्या वॉर्डाची पदांची मागणी फेटाळणे शासनालाही जड जाते. मोजमाप हे कर्मचाऱ्यांच्या विरोधातले हत्यार नसून त्यांच्या बाजूचा साक्षीदार ठरू शकते.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नागपुरातील दोन परिचारिकांना जे दिसले, त्यासाठी त्यांनी स्वतःचे दार उघडले. आजच्या परिचारिकेला वेगळे दार उघडायला लावण्याची गरज नाही. ज्या दारातून ती रोज ड्यूटीवर येते, त्याच्या आत कोणीतरी तिला आठवड्यातून एकदा ‘सिस्टर, काय अडते आहे?’ एवढे विचारावे, आणि तिने दिलेले उत्तर लिहून घ्यावे. सुधारणेची सुरुवात त्या नोंदीपासून होते.